खेळाच्या कपड्यांचं शूट: ब्रीफ, प्रकाश आणि पळणारी माणसं

उजेडवेडी

नमस्कार मंडळी. मी आतापर्यंत पोर्ट्रेट आणि समारंभांचे फोटो काढत आले आहे. आता पहिल्यांदाच एका छोट्या स्पोर्ट्सवेअर ब्रँडचं काम हाती आलंय. पळण्याचे टी-शर्ट, शॉर्ट्स, काळ्या लेगिंग्ज, स्पोर्ट्स ब्रा आणि एक पातळ विंडचीटर, तोही निऑन पिवळा. वेबसाइटसाठी पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो हवेत, लुकबुकसाठी (कपड्यांचा फोटोसंग्रह) मॉडेलवरचे, आणि जाहिरातीसाठी प्रत्यक्ष पळतानाचे चार-पाच. हे सगळं दोन दिवसांत बसवायचं आहे.

ब्रीफ, म्हणजे क्लायंटच्या सूचना, म्हणून तीन शब्द आले: 'एनर्जेटिक, प्रीमियम, ऑथेंटिक'. सोबत बड्या ब्रँड्सच्या जाहिरातींचे पंधरा-वीस फोटो, 'असंच काहीतरी करू या' म्हणून. लाइट्स भाड्याने घेऊ शकते, मदतीला एकजण आहे. सुरुवात कुठून करू? मॉडेल घ्यावी की खरी पळणारी व्यक्ती? पळतानाचे फोटो फ्लॅशवर काढावेत की उन्हात? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

काळा_पडदा

अभिनंदन! लाइट्सचा विचार जरा बाजूला ठेवा, आधी ब्रीफ पुरतं करून घ्या. ते तीन शब्द कुठल्याही ब्रँडला चिकटवता येतात, त्यावरून एकही फ्रेम ठरत नाही. क्लायंटला फोन करा आणि एकेका कपड्याबद्दल विचारा: हा कपडा अंगावर घातल्यावर नेमकं काय काम करतो? विंडचीटर वारा अडवतो हे सांगायचंय, की तो घडी करून मुठीत मावतो हे? टी-शर्ट लवकर वाळतो? शॉर्ट्सना फोन न हलता राहील असा खिसा आहे? उत्तर मिळालं की निम्मा फोटो ठरलाच. वारा अडवणं हे काम असेल तर विंडचीटर पाठीवर फुगलेला दिसला पाहिजे. मुठीत मावणं असेल तर हाताचा जवळून घेतलेला फोटो हवा, पळायची गरजच नाही. लेगिंग वाकल्यावर आरपार दिसत नाही असा दावा असेल तर सरळ उभ्या मॉडेलचा फोटो काहीच सिद्ध करत नाही. खोल स्क्वॉटमध्ये, बाजूने, कापड पूर्ण ताणलेलं असताना काढावा लागेल. लेन्स, शटर, जागा, माणूस हे सगळं या एका उत्तरातून निघतं. हे ठरवल्याशिवाय लाइट भाड्याने घेऊ नका, इतकं माझं यावर ठाम मत आहे.

दुसरा प्रश्न, फोटो कुठे लागणार? वेबसाइटचा आडवा बॅनर, ९:१६ ची उभी स्टोरी आणि चौकोनी पोस्ट हे सगळं एकाच फ्रेममधून कापून काढू, असं क्लायंटला वाटतं. पळणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते जमत नाही. आडव्यात त्याच्या पुढे मोकळी जागा लागते, मजकूर बसायला एक शांत कोपरा लागतो. त्याचाच उभा तुकडा काढला की पुढचा हात आणि मागचा पाय दोन्ही जातात. म्हणून मुख्य फोटो आडवा आणि उभा असे वेगवेगळे काढा आणि तसे शॉट लिस्टमध्ये (काढायच्या फोटोंच्या यादीत) दोन ओळींत लिहा. कॅमेरा लॅपटॉपला जोडून शूट केलंत तर ब्रँडचा लेआउट थेट फोटोवर चढवून बघता येतो. लोगोवर मजकूर येतोय का, हे तिथल्या तिथे कळतं.

शॉट लिस्ट लिहा कपड्यांच्या क्रमाने, पण शूट करा प्रकाशाच्या क्रमाने. एक लाइट सेटअप लावला की त्यातले सगळे कपडे उरकायचे आणि मगच स्टँड हलवायचे. पांढऱ्या पार्श्वभूमीचं काम पहिल्या दिवशी, पळण्याचं दुसऱ्या. उलट केलंत तर घामाने भिजलेले, मातीने माखलेले सँपल घेऊन स्टुडिओत उभं राहावं लागेल. बहुतेक ब्रँडकडे त्या रंगाचा तो एकच सँपल असतो.

टाचणी

स्टायलिंगचं काम करते, म्हणून कपड्यांच्या बाजूने लिहिते.

सँपल शूटच्या सकाळी हातात पडणार असतील तर आत्ताच नकार द्या. ते आधी यायला हवेत आणि ज्या व्यक्तीला घालायचे तिच्या अंगावर एकदा चढवून बघायला हवेत. फॅशनच्या शूटमध्ये ढगळ शर्ट पाठीमागून चिमट्यांनी आवळता येतो, समोरून मापात दिसतो. पळणाऱ्या माणसाला चिमटे लावता येत नाहीत. दोन बाजूंनी चिकटणारी टेप घाम आला की सुटते. म्हणून माप खरंच बसलं पाहिजे, नाहीतर आतून बारीक टाके घालून आवळून घ्यायचं, जे नंतर उसवता येतील. यासाठी सुई-दोरा आणि कपड्याच्या रंगांचे धागे सोबत ठेवा.

पॉलिस्टरवर गरम इस्त्री फिरवू नका. कापड चमकतं आणि ती चमक जात नाही. स्टीमर वापरा, आतल्या बाजूने आणि थोडं अंतर ठेवून. पाकिटातून काढलेल्या टी-शर्टच्या छातीवर घडीची आडवी रेघ असते. डोळ्यांना ती फारशी दिसत नाही, पण बाजूचा लाइट लागला की फोटोत ठसठशीत उमटते. छापील लोगोवर थेट वाफ सोडू नका.

मग बारीकसारीक गोष्टी. मोजे, मनगटावरचा बँड, घड्याळ, केसांचा पट्टा यांवर दुसऱ्या ब्रँडचं चिन्ह नको. स्पोर्ट्स ब्राचे आतले पॅड प्रत्येक टेकनंतर सरकतात, बघायला कुणीतरी हवं. पांढऱ्या डिओचे डाग काळ्या कापडावर लगेच दिसतात. बूट परत द्यायचे असतील तर तळव्यांना टेप लावतात, पण ते फक्त उभ्या फोटोंसाठी. टेपवर कुणालाही पळायला लावू नका, पाय घसरतो. घाम दाखवायचा असेल तर पाणी आणि ग्लिसरीनचं मिश्रण त्वचेवर फवारतात, नुसतं पाणी लगेच ओघळून जातं. मात्र ते कापडावर पडलं की डाग धरतं. कापडावर घाम हवा असेल तर साधंच पाणी, आणि तेही क्लायंटला विचारून. 'लवकर वाळतो' म्हणणाऱ्या टी-शर्टवर पाठभर ओला डाग ब्रँडला नकोसा वाटू शकतो.

एक गोष्ट ताई म्हणून सांगते. लेगिंग आणि स्पोर्ट्स ब्राच्या शूटमध्ये सेटवर मोजकी माणसं ठेवा. कपडे बदलायला बंद होणारी जागा हवी, दोन फोटोंच्या मधे अंगावर घ्यायला काहीतरी हवं, कपडा नीट करायला हात लावण्याआधी विचारायचं. स्क्वॉटमधला मागचा फोटो घ्यायचा असेल तर तो शॉट लिस्टमध्ये आधीच लिहून त्या मुलीला पाठवा. ऐन वेळी 'जरा वळून वाक' असं कुणीही म्हणू नये.

धावपटू_४२

मी फोटोग्राफर नाही. लांब पल्ल्याचं पळतो आणि अशा काही शूट्समध्ये कॅमेऱ्यासमोर पळलोय. पळण्याच्या जाहिराती पाहून पळणाऱ्यांना सगळ्यात जास्त काय खटकतं, तर खोटं पळणं. हाताच्या मुठी आवळलेल्या, खांदे कानाला लागलेले, पुढचा पाय गुडघ्यात ताठ. ज्याच्यासाठी तो टी-शर्ट बनवलाय तोच माणूस हे पाहून पान उलटतो. त्यामुळे माझं मत सरळ आहे: पळतानाच्या फोटोंसाठी पळणारी व्यक्तीच घ्या.

पळण्याच्या एका पावलात फोटोला लायक असे क्षण दोनच. एक, मागचा पाय जमिनीवरून सुटतानाचा, शरीर लांब आणि पुढे झुकलेलं असतं तेव्हाचा. दुसरा, त्यानंतर लगेच दोन्ही पाय हवेत असतात तो. पाय जमिनीवर टेकून अंगाचा भार त्यावर आला की माणूस बुटका आणि जड दिसतो, गालही हलतात. फोटोग्राफर मायब्रिज यांनी १८७८ मध्ये पळत्या घोड्याची फोटोमालिका काढली तेव्हा कळलं की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधी चित्रकार ते पुढे-मागे फाकलेले दाखवत. डोळ्याला हे क्षण दिसत नाहीत. थोडे फोटो काढून झाले की पळणाऱ्यालाच बोलावून दाखवा, कुठली फ्रेम खरी आहे हे तो लगेच सांगेल.

आम्हाला 'इथून पळत या आणि इथे थांबा' असं सांगू नका. थांबायचं ठिकाण दिसलं की शरीर आधीच ब्रेक लावतं. कॅमेऱ्याच्या पुढे बरंच अंतर मोकळं ठेवा आणि तिथपर्यंत पळू द्या. वॉर्म-अपला वेळ द्या, तो कॉल शीटमध्ये, म्हणजे दिवसाच्या वेळापत्रकात, लिहा. थंड अंगाने पूर्ण वेगाच्या धावा मागणं म्हणजे दुखापतीला बोलावणं. दोन धावांच्या मधे चालत परत येऊ द्या. दमल्यावर खांदे चढतात, पावलं ओढली जातात आणि त्यानंतर मिळणाऱ्या फोटोंमध्ये काही राम नसतो.

काळा_पडदा

धावपटू, पळण्याबद्दल तुमचा शब्द अंतिम. फक्त लुकबुकबद्दल माझं मत वेगळं आहे. दर मिनिटाला उभं राहण्याची ढब बदलायची, कॉलर कुठे बसलीय याचं भान ठेवायचं, थकवा चेहऱ्यावर येऊ द्यायचा नाही, हे मॉडेलचं कसब आहे. उत्तम पळणारी व्यक्ती स्थिर उभी राहिली की हातांचं काय करावं हे तिला सुचत नाही. एकच व्यक्ती दोन्ही करणारी मिळाली तर उत्तम, नाहीतर दोघांना बोलवा.

नवशिक्या_कॅमेरा

छान धागा, वाचनखूण साठवली. एक शंका: माझ्या कॅमेऱ्यात १/८००० सेकंदाचं शटर आहे. मग पळणारा माणूस गोठवायला फ्लॅश कशाला? उन्हात काढले की झालं.

काळा_पडदा

शंका रास्त आहे, थोडं खोलात जातो.

समजा माणूस सेकंदाला ५ मीटर वेगाने पळतोय. त्याचं धड ५ मीटरने जातं, पण पुढे झेपावणारं पाऊल साधारण दुप्पट वेगाने, म्हणजे १० मीटरने. १/१००० शटरवर ते पाऊल १ सेंटीमीटर सरकतं. छातीवरचा लोगो स्वच्छ येईल, पण बुटाची लेस धूसर. १/४००० वर तेच सरकणं अडीच मिलीमीटरवर येतं. तेव्हा फोटो टी-शर्टचा असेल तर १/१००० ला हरकत नाही, बुटाचा असेल तर नाही. पुन्हा तेच, काय विकायचंय त्यावर शटर ठरतं.

उन्हात हे जमतं. अडचण अशी की भर दुपारचं ऊन वरून येतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि कापडाच्या घड्या कठोर दिसतात. सकाळ-संध्याकाळी प्रकाश सुंदर असतो पण कमी असतो, १/४००० ला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) फार चढवावा लागतो. आणि इलेक्ट्रॉनिक शटरपासून सावध. बहुतेक सेन्सर एकेक ओळ वाचत जातात, त्यामुळे वेगात फिरणारी रॅकेट वाकडी येते आणि काही एलईडी दिव्यांखाली पट्टे उमटतात. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ थ्रीसारखा संपूर्ण सेन्सर एकदम वाचणारा कॅमेरा असेल तर दोन्ही प्रश्न मिटतात, तो फ्लॅशशीही कुठल्याही शटरवर जुळतो, म्हणजे फ्लॅशचा उजेड पूर्ण फ्रेमवर पडतो. बाकीच्यांचा फ्लॅश साधारण १/२०० किंवा १/२५० पर्यंतच जुळतो. त्यापुढे हायस्पीड सिंक (फ्लॅश एकाऐवजी अनेक बारीक झोत मारतो ती सोय) वापरता येतं, पण फ्लॅशची ताकद बरीच घटते.

स्टुडिओत मात्र खेळ उलटा. अंधार केला की शटर १/२०० असलं तरी फोटो काढतो तो फ्लॅश, आणि फ्लॅश किती वेळ पेटलेला राहतो त्यावर गोठणं ठरतं. हेच तत्त्व वापरून एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकापासून डोळ्याला न दिसणारे क्षण पकडले. भाड्याने लाइट घेताना कागदावरचा आकडा नीट वाचा. 'टी ०.५' म्हणजे प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचा काळ, 'टी ०.१' म्हणजे एकदशांशावर येईपर्यंतचा. जाहिरातीत पहिला छापतात कारण तो देखणा दिसतो, पण उरलेली शेपटीही फोटोत उमटते. साध्या स्ट्रोबमध्ये (स्टुडिओच्या फ्लॅशमध्ये) दुसरा काळ पहिल्याच्या सुमारे तिप्पट असतो. टी ०.५ जर १/१२०० असेल तर प्रत्यक्षात तो १/४०० सारखा वागतो आणि पाऊल धूसर येतं. आयजीबीटी पद्धतीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचने फ्लॅश मधेच तोडणारे स्ट्रोब कमी ताकदीवर जास्त झटपट विझतात. म्हणून एक लाइट पूर्ण ताकदीवर जाळण्यापेक्षा दोन लाइट कमी ताकदीवर लावा.

सगळंच गोठवलं पाहिजे असंही नाही. जाहिरातीतला एक फोटो १/६० च्या आसपास, पळणाऱ्यासोबत कॅमेरा फिरवून काढाच. तुम्ही धडाचा वेग पकडलात की छाती आणि लोगो बऱ्यापैकी स्पष्ट राहतात, पाय आणि पार्श्वभूमी वाहतात. बरेच फोटो वाया जातील. जो मिळेल त्यात वेग दिसेल.

रंगारी

रिटचिंग करतो. शूटवर पाच मिनिटांत जमणाऱ्या गोष्टी न केल्यामुळे आमचे तासन्तास जातात, तेवढ्या लिहितो.

निऑन पिवळा: हा रंग साध्या स्क्रीनच्या एसआरजीबी कक्षेत, म्हणजे ती दाखवू शकते त्या रंगांत, मावत नाही. फोटो एकंदरीत बरोबर दिसतो, पण रंगांचे हिस्टोग्राम (उजळपणाचे आलेख) वेगवेगळे पाहिले तर लाल किंवा हिरवा चॅनेल काठाला चिकटलेला असतो. तिथे कापडाची वीण, शिवण, सगळं सपाट होतं आणि ते परत आणता येत नाही. विंडचीटरसाठी एक्सपोजर थोडं कमी ठेवा. ग्राहकाच्या स्क्रीनवर तो कापडाइतका झगझगीत दिसणार नाही हे क्लायंटला शूटआधीच सांगा. अजून एक, हा रंग हनुवटीखाली पिवळा उजेड फेकतो. चेन थोडी खाली आणि आत गडद टी-शर्ट असेल तर तो निम्मा होतो.

काळ्या लेगिंग्ज: एक्सपोजर वाढवून त्या दिसत नाहीत, नुसत्या राखाडी होतात. काळं कापड दिसतं ते त्यावरच्या चमकेतून. दोन उभे, अरुंद सॉफ्टबॉक्स मागच्या बाजूने दोन्हीकडे लावा, मांडीच्या कडेला उजेडाची रेघ सरकताना दिसेल आणि कापडाचा गुळगुळीतपणा कळेल. काही काळी सिंथेटिक कापडं इन्फ्रारेड परत फेकतात आणि फोटोत तपकिरी-जांभळट येतात. २००६ च्या लायका एम८ या कॅमेऱ्यात हे इतकं होत असे की कंपनीला वेगळे फिल्टर द्यावे लागले. आताच्या कॅमेऱ्यांत प्रमाण कमी आहे, तरी आधी एक चाचणी फोटो घ्या.

पांढऱ्यावर पांढरा टी-शर्ट: पार्श्वभूमी गरजेपेक्षा जास्त उजळली की तो उजेड मागून येऊन बाह्यांच्या कडा खातो. ती कपड्यापेक्षा अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळ पुरते. मॉडेलला पार्श्वभूमीपासून लांब उभं करा आणि दोन्ही बाजूंना काळे बोर्ड ठेवा, कडेला बारीक गडद रेघ येते.

जाळीदार कापडावर मोआरे येतो, इंद्रधनुषी लाटांसारखा. छोट्या स्क्रीनवर खोटा मोआरेही दिसतो, म्हणून शंभर टक्के मोठा करून बघा. खरा असेल तर थोडं पुढे-मागे व्हा किंवा कोन बदला.

रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. लाइट बाजूला असेल तर फोटोत त्या नुसत्या करड्या दिसतात. चमकताना हव्या असतील तर लेन्सला अगदी लागून एक छोटा फ्लॅश ठेवा, सगळ्यात कमी ताकदीवर. पट्टी पेटते, चेहऱ्यावर मात्र फरक पडत नाही.

आणि प्रत्येक सेटअपच्या पहिल्या फोटोत कलर चार्ट (ठरलेल्या रंगांच्या चौकोनांचा तक्ता) धराच.

निळी_शाई

ब्रँडच्या बाजूने अशी कामं करून घेते. उजेडवेडी, त्या पंधरा-वीस फोटोंविषयी थोडं.

संदर्भ म्हणून फोटो पाठवण्यात गैर काही नाही. पण 'असंच' म्हणजे काय हे बोलून घ्या. त्यातला उजेड आवडलाय, जागा आवडलीय, की हुबेहूब तीच फ्रेम हवी? या प्रश्नावर गाजलेला एक खटला आहे. फोटोग्राफर को रेंटमीस्टर यांनी १९८४ मध्ये लाइफ मासिकासाठी बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचा झेपावतानाचा फोटो काढला होता, बॅलेतल्या उडीसारखी ढब, पाय फाकलेले, डाव्या हातात बॉल. नंतर नाइकेने तशाच ढबीत स्वतःचा फोटो काढून घेतला आणि पुढे त्यातून जंपमन हा लोगो आला. रेंटमीस्टर २०१५ मध्ये कोर्टात गेले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट कोर्टाने (अपील न्यायालयाने) नाइकेच्या बाजूने निकाल दिला. ढब ही कल्पना आहे, तिच्यावर कुणाची मालकी नाही. कोन, पार्श्वभूमी, प्रकाश, टायमिंग यांची जी निवड फोटोग्राफर करतो तिला संरक्षण आहे, आणि दोन फोटोंत ती पुरेशी वेगळी होती, असा त्याचा गाभा. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला.

नाइकेसारखी कंपनी इतकी वर्षं खटला लढू शकते, छोटा ब्रँड आणि एकटी फोटोग्राफर लढू शकत नाही. शिवाय प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. म्हणून संदर्भातली ढब घेतलीत तर जागा, कोन आणि प्रकाश तुमचे ठेवा.

करारात तीन गोष्टी शब्दांत हव्यात: फोटो कुठल्या माध्यमात, कुठल्या प्रदेशात आणि किती काळ वापरणार. नुसतं 'सर्व हक्क' लिहिलं की उद्या तोच फोटो मोठ्या होर्डिंगवर गेला तरी तुम्हाला काही म्हणता येत नाही. पळणारी व्यक्ती स्पर्धेतली खेळाडू असेल तर तिचा आधीच कुणाशी प्रायोजकत्वाचा करार आहे का हे विचारा. हा प्रश्न विचारायचा राहतो आणि छापून तयार झालेली मोहीम मागे घ्यावी लागते.

उजेडवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल क्लायंटशी लांबलचक बोलणं झालं. विंडचीटर वारा अडवतो हे सांगायचंय. लेगिंगचं म्हणणं 'आरपार दिसत नाही'. टी-शर्टबद्दल मात्र त्यांनाच अजून ठरवता आलेलं नाही, तर मी तो लुकबुकपुरता ठेवून जाहिरातीच्या यादीतून काढला. सँपल आधी मागवलेत. पळण्यासाठी एक धावपटू मुलगी ठरलीय, तिला स्क्वॉटसकट सगळी यादी पाठवली, प्रायोजक कुणी नाही हेही विचारून घेतलं. उभ्या फोटोंसाठी मॉडेल वेगळी.

आता एकच प्रश्न उरलाय. घरी पंखा लावून बघितला, विंडचीटर फुगतच नाही, नुसता अंगाला चिकटतो.

टाचणी

पंखा समोरून छातीवर मारत असशील, म्हणून चिकटतो. हवा आत शिरली तर फुगेल. चेन छातीच्या खालपर्यंत उघड, कमरेची दोरी आणि मनगटाचं इलॅस्टिक घट्ट ठेव आणि पंखा जमिनीवर ठेवून वर, गळ्याच्या दिशेने तिरका कर. तरी पाठ भरत नसेल तर पाने उडवायचा ब्लोअर मिळतो तो आण, मदतनीसाला फ्रेमच्या कडेला गुडघ्यावर बसव. तोंडावर झोत नको, डोळ्यांत पाणी येतं. ती पळत असेल तेव्हा चेन अशीच उघडी असली की तुला आणखी काही करावं लागणार नाही, फक्त वारा तिच्या समोरून येतोय ना, ते दिशा ठरवताना बघ.

धावपटू_४२

आणि समोरचा वारा जोराचा असेल तर तिला पूर्ण वेगाने पळायला लावू नका. निम्म्या वेगातही विंडचीटर भरतो आणि तिचे खांदे खाली राहतात.